तगाई, अनुग्रह आणि हक्क : काशीतील पूर व शासकीय साहाय्याची परिभाषा

भारतीय भाषांमध्ये पुरासंबंधीचे लेखन दोन प्रवाहांनी चालत आलेले आहे. कथा, कविता, आत्मपर गद्य, वार्तांकन व लोकगीत यांचा एक प्रवाह. आणि पंचनामे, शासन निर्णय, मदतीचे निकष व नदीच्या पातळीचे तक्ते यांचा दुसरा. पहिल्या प्रवाहाचा अभ्यास साहित्यसमीक्षेने केला आहे. दुसरा मात्र महसूल खात्याच्या दप्तरातील मजकूर म्हणून बाजूला ठेवला गेला. वस्तुतः पुरात सर्वस्व गमावलेल्या माणसाच्या हाती काय पडावे, हे या दुसऱ्या प्रवाहातील शब्दांवरून ठरते. हे शब्दही वाङ्मयीन शब्दांइतकेच जुने व अर्थबहुल असतात. त्यांचाही अनुवाद होतो, त्यांचेही अर्थ बदलतात आणि त्यांच्याही अर्थनिर्णयावरून वाद होतात. वाराणसीतील गंगा-वरुणेचा पूर डोळ्यांसमोर ठेवून मराठी व हिंदी या दोन भाषांतील साहाय्याच्या परिभाषेची तुलना करणे आणि ती परिभाषा साहित्यकृतींच्या शेजारी ठेवून वाचणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. काशीच्या पुराचे स्वरूप

काशी गंगेच्या डाव्या तीरावर, कंकराच्या उंच कड्यावर वसलेली आहे. समोरचा तीर सखल व वाळूचा आहे. त्यामुळे नदीला पूर आला की घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, पण जुन्या नगराचा बराचसा भाग पाण्याच्या वर राहतो. मराठी वाचकाला परिचित असलेली काशी, म्हणजे ब्रह्माघाट, दुर्गाघाट, अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट, ही प्रामुख्याने या कड्यावरची काशी होय. वृत्तपत्रांतून दर पावसाळ्यात दिसणारी चित्रेही येथलीच असतात. मणिकर्णिकेवरील दहन वरच्या भागात होऊ लागते, हरिश्चंद्र घाटावरील चिता गल्लीत येतात, दशाश्वमेधावरील आरती छतावर केली जाते.

पुराची खरी झळ मात्र अन्यत्र लागते. गंगेची पातळी वाढली की वरुणा व अस्सी यांचे पाणी गंगेत शिरू शकत नाही; उलट गंगेचेच पाणी त्यांच्या पात्रांतून मागे चढते. नक्खी घाट, सरैया, कोनिया, ढेलवरिया, हुकुलगंज या वरुणेकाठच्या वस्त्या, दक्षिणेकडील नगवा व सामने घाट, रमना आणि ढाब भागातील गावे ही या चढत्या पाण्याची ठिकाणे आहेत. येथील रहिवाशांत विणकर, नावाडी, मजूर, भाडेकरू व नदीकाठच्या मातीत भाजीपाला पिकवणारे शेतकरी मोठ्या प्रमाणावर आहेत.

राजघाट येथे केंद्रीय जल आयोगाचे मापनकेंद्र आहे. तेथील इशारा पातळी ७०.२६२ मीटर व धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. आजवरची सर्वोच्च पातळी, ७३.९०१ मीटर, ९ सप्टेंबर १९७८ रोजी नोंदली गेली. पुढे २०१३, २०१६, २०१९, २०२१, २०२२ व २०२५ या वर्षांतही गंगेने धोक्याची पातळी ओलांडली. पाणी चढू लागले की 'बाढ़ चौक्या' कार्यरत होतात, शाळांतून 'राहत शिविर' उघडले जातात आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या नावा फिरू लागतात. या दलाची अकरावी वाहिनी वाराणसीतच आहे. तेव्हा शासन अनुपस्थित असते, असे म्हणता येत नाही. प्रश्न आहे तो पाणी ओसरल्यानंतरच्या नोंदीचा.

येथे परंपरेतील एका दाखल्याची आठवण ठेवणे उपयुक्त ठरेल. वरुणेतून मागे चढणारे गंगेचे पाणी पूर्वी नगराच्या उत्तरेकडील मत्स्योदरी तलावापर्यंत पोहोचत असे. स्कंदपुराणातील काशीखंडाने या संयोगाला दुर्लभ पुण्यपर्वाचे स्थान दिले आहे. १८२० च्या दशकात जेम्स प्रिन्सेप याने भुयारी नाला बांधून त्या तलावाचे पाणी काढून दिले. एकच जलघटना एका ग्रंथात तीर्थ ठरते, अभियंत्याच्या आराखड्यात निचऱ्याचा प्रश्न होते आणि आजच्या अहवालात आपत्ती म्हणून नोंदली जाते. पाणी तेच, त्याला मिळालेल्या नावाप्रमाणे माणसांनी त्याच्याशी ठेवावयाचा संबंध बदलत गेला. साहाय्याच्या बाबतीतही हेच घडलेले दिसते.

२. देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे शब्द

मराठी ग्रामीण भागात 'तगाई' हा शब्द जुन्या पिढीच्या तोंडी असे. हिंदीत त्याचे रूप 'तकावी'. दोन्हींचे मूळ अरबी 'तक्विया', म्हणजे बळ देणे, सबळ करणे, या शब्दात आहे. नापिकी वा अन्य संकटानंतर बी-बियाणे, बैल, विहीर यांसाठी राज्याने कुळाला द्यावयाची ही उचल होती. १८८३ चा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा व १८८४ चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा यांनी तिला वैधानिक चौकट दिली. तगाई हे दान नव्हते. ती फेडावी लागे व वसुलीचा जाचही होई. तथापि घेणारा उद्या पुन्हा उभा राहणार आहे, हे गृहीतक त्या शब्दातच होते.

याच काळात, १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर, दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांनी साहाय्याचे दोन भाग केले. काम करू शकणाऱ्यास कामाच्या मोबदल्यात मदत आणि काम करू न शकणाऱ्यास विनामोबदला मदत. या दुसऱ्या प्रकाराला उत्तर प्रदेशाच्या शासकीय हिंदीत आज 'अहेतुक सहायता' असे म्हणतात. हा शब्द लक्षणीय आहे. 'अहैतुकी' हे श्रीमद्भागवतात भक्तीचे विशेषण आहे. कोणत्याही हेतूवाचून केलेली भक्ती, असा त्याचा अर्थ. भक्ताच्या निरपेक्षतेचे विशेषण कार्यालयीन भाषेत देणाऱ्याच्या निरपेक्षतेकडे सरकले आहे.

मराठीने दुसरी वाट धरली. पण ती पोहोचली जवळपास तेथेच. 'एक्स ग्रेशिया' या लॅटिन संज्ञेसाठी मराठीत 'सानुग्रह अनुदान' हा शब्द रुळला. महानगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांना दिवाळीत मिळते तेही सानुग्रह अनुदान, आणि आपत्तीत मृत्यू पावलेल्याच्या वारसांना मिळते तेही सानुग्रह अनुदान. 'अनुग्रह' हा गुरूने शिष्यावर किंवा देवाने भक्तावर करावयाचा असतो. त्यावर दावा सांगता येत नाही. तो मिळाला तर कृतज्ञ व्हावयाचे असते. याउलट 'राहत' या हिंदीतील रूढ शब्दाचा मूळ अर्थ विसावा, आणि 'मदत' या दोन्ही भाषांतील शब्दाचा अर्थ साह्य, कुमक. म्हणजे विसावा, कुमक, बळ व कृपा असे चार निरनिराळे संबंध एकाच शासकीय कृतीला चिकटलेले आहेत, आणि त्यांतील कृपेचा संबंध अधिकृत परिभाषेत दृढ झालेला आहे.

साहाय्य मिळवणाऱ्याच्या नावांतही असाच भेद आहे. हिंदीत 'बाढ़ पीड़ित' व 'बाढ़ प्रभावित' असे म्हणतात; मराठीत 'पूरग्रस्त'. 'ग्रस्त' म्हणजे ग्रासलेला, ग्रहणातील चंद्रासारखा. पण मराठी प्रशासनात 'ग्रस्त' हे पद क्षणिक अवस्था दर्शवीत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटून पुण्यात जो पूर आला, त्यातील विस्थापितांच्या वसाहतींना व गृहरचना संस्थांना 'पूरग्रस्त' हे विशेषण कित्येक दशके चिकटून राहिले. 'धरणग्रस्त' व 'प्रकल्पग्रस्त' हे तर दाखला मिळणारे वर्ग झाले. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती' या १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या कादंबरीत धरणाने उठवलेल्या माणसांचे कागदांमागे फिरणे हा कथानकाचाच भाग आहे. ग्रस्त असणे पुरेसे नाही. ग्रस्त असल्याचे सिद्ध करावे लागते, हे त्या कादंबरीला नेमके उमगलेले आहे.

३. निकषांचा मजकूर

आजच्या साहाय्याचा आधार २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा व त्याखालील राज्य आपत्ती प्रतिसाद निधी हा आहे. या निधीत उत्तर प्रदेश व महाराष्ट्र यांसारख्या राज्यांच्या बाबतीत केंद्राचा वाटा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के असतो. निधीतून कोणत्या हानीसाठी किती रक्कम द्यावयाची, याचे निकष केंद्रीय गृह मंत्रालय ठरवते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांत मृताच्या वारसास ४ लाख रुपये व सपाट प्रदेशातील पूर्णतः पडलेल्या घरास १ लाख २० हजार रुपये अशी तरतूद होती. पिकाची हानी ३३ टक्के वा त्याहून अधिक असल्यास कोरडवाहू जमिनीस हेक्टरी ८,५०० व सिंचनाखालील जमिनीस हेक्टरी १७,००० रुपये, तेही २ हेक्टरांच्या मर्यादेत, देय होते.

आकड्यांपेक्षा या मजकुरातील व्याख्या साहित्याच्या अभ्यासकाला अधिक विचारप्रवृत्त करतील. झोपडी म्हणजे काय, हे सांगताना हे निकष गवत, माती, प्लॅस्टिक अशा साहित्याची, कच्च्या घराहून निकृष्ट, तात्पुरती रचना असे वर्णन करतात. आणि परंपरेने झोपडी म्हणून दिसणारी व राज्याच्या वा जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी झोपडी म्हणून ओळखलेली, अशी जोड देतात. अर्थात वस्तूचे नाव अखेर पाहणाऱ्याच्या ओळखीवर सोपवलेले आहे. घराच्या बाबतीत तर ते अधिकृत बांधकाम असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करावे लागते. वरुणेच्या काठी पूरपातळीच्या आत उभ्या राहिलेल्या कित्येक घरांची अडचण येथेच आहे. पाणी अधिकृत व अनधिकृत भिंतीत भेद करीत नाही. निकष मात्र करतात. यामागे कारणही आहे. नदीपात्रातील बांधकामास शासनानेच भरपाई दिली तर ते बांधकाम मान्य केल्यासारखे होईल, ही भीती अनाठायी नाही. परंतु त्या घरात भाड्याने राहणाऱ्याने बांधकाम केलेले नसते. त्याच्या हानीला घर हा शब्द लागू पडत नाही. कपडे व भांडी एवढेच शब्द त्याच्यासाठी उरतात.

त्यांनाही कालमर्यादेची अट आहे : घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात बुडालेले असावे. या अटीचे वाचन सार्वजनिक पातळीवर कसे होऊ शकते, हे महाराष्ट्राने ऑगस्ट २०१९ मध्ये अनुभवले. कोल्हापूर व सांगली येथील महापुराच्या वेळी काढलेल्या शासन निर्णयात बाधित कुटुंबांना प्रत्येकी १० किलो गहू व १० किलो तांदूळ देण्याचे ठरले. त्यात दोन दिवसांहून अधिक काळ क्षेत्र पाण्याखाली असण्याचा उल्लेख होता. त्या एका वाक्यांशावर राज्यभर टीका झाली. एक दिवस बुडालेल्या घरातील पीठ कोरडे राहते काय, हा प्रश्न विचारणारे सामान्य वाचकच होते. शासन निर्णयाचे एवढे बारकाईने वाचन समीक्षकांनी क्वचितच केले असेल.

काशीच्या विणकराचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. हातमागाच्या पायपट्ट्या जमिनीत खणलेल्या खड्ड्यात असतात. पाणी दारातून येण्याआधी कित्येकदा या खड्ड्यात पाझरते. लाकूड फुगते, ताणा सैल पडतो, रेशमाला ओल लागते. घर उभेच असते. निकषांत हातमाग कारागिरांची हत्यारे व कच्चा माल यांच्या हानीसाठी शीर्षक आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते, आणि 'हातमाग' हा शब्द अक्षरशः वाचल्यास वरुणेकाठच्या वस्त्यांत दीर्घकाळ रुळलेला पॉवरलूम त्यात बसत नाही. नावाड्याचीही तीच गत. नाव व जाळे यांच्या हानीचे शीर्षक मत्स्यव्यवसायाखाली येते. पाणी वाढल्यावर प्रशासन नौकानयन थांबवते, ते सुरक्षिततेसाठी योग्यच असते. पण यात्रेकरूंना फिरवून पोट भरणाऱ्या नावाड्याची नाव शाबूत असते आणि बुडतात ते त्याचे दिवस. उपजीविकेला गंभीर बाधा पोहोचलेल्या कुटुंबांसाठी अहेतुक साहाय्याचे जे शीर्षक आहे, त्यात त्याचा समावेश होऊ शकतो. मात्र कोणाची उपजीविका गंभीरपणे बाधित झाली, हे यादी करणाऱ्याने ओळखावे लागते.

ही ओळख पटवणारा मजकूर म्हणजे महाराष्ट्रातील 'पंचनामा'. संस्कृत 'पंच' व फारसी 'नामा' यांच्या या संयोगात साक्षीदारांची कल्पना आहे. पीक, घर, जनावर व प्रेत या साऱ्यांचा मराठीत पंचनामाच होतो. उत्तर प्रदेशात संशयास्पद मृत्यूच्या चौकशीचा 'पंचायतनामा' होतो. शेताची व घराची नोंद लेखपालाच्या सर्वेक्षणातून येते. एकीकडे पंचांची साक्ष, दुसरीकडे अधिकाऱ्याचा अहवाल. प्रत्यक्ष व्यवहारात दोन्हींचे अंतर कमी असेल. तरी मराठी शब्दाने शेजाऱ्याच्या डोळ्यांना दिलेले स्थान विसरण्यासारखे नाही.

४. साहित्यातील साहाय्य

मराठीत पूर व मदत यांचा विचार कुसुमाग्रजांच्या 'कणा' या कवितेवाचून पुढे जात नाही. त्या कवितेत नदीला गंगामाई म्हटले आहे. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, ही बाब काशीच्या संदर्भात अर्थपूर्ण आहे. पुराने घर गमावलेला माजी विद्यार्थी शिक्षकांकडे येतो, शिक्षकांचा हात खिशाकडे जातो, आणि तो पैसे नाकारून केवळ पाठीवर हात मागतो. ही कविता पूर आला की वारंवार उद्धृत केली जाते, आणि बहुधा एकाच अर्थाने : स्वाभिमानी माणूस मदत मागत नाही.

हा अर्थ कवितेवर अन्याय करणारा आहे. विद्यार्थी नाकारतो ते एका व्यक्तीच्या खिशातील पैसे. शासन त्या कवितेत नाही. नागरिक म्हणून जे देय आहे ते नाकारण्याचा प्रसंगच तेथे येत नाही. शिवाय तो जे मागतो ते बळ आहे, आणि 'तगाई' या शब्दाचा मूळ अर्थही बळ देणे हाच आहे. कवितेतील विद्यार्थ्याने अनुग्रह नाकारला व तगाई मागितली, असे म्हटल्यास ते केवळ शब्दच्छल ठरू नये. शासकीय साहाय्याची मागणी करणाऱ्यास ही कविता ऐकवणे म्हणजे तिचा उलट उपयोग करणे होय.

हिंदीत फणीश्वरनाथ रेणू यांच्या 'ऋणजल धनजल' (१९७७) या पुस्तकात १९६६ चा बिहारमधील दुष्काळ व १९७५ चा पाटण्याचा पूर यांचे वृत्तलेखन आहे. त्यात त्यांनी १९४९ च्या महानंदा नदीच्या पुरातील एक प्रसंग सांगितला आहे. मदतीच्या नावेवर आजारी तरुण येतो, त्याच्यामागून त्याचा कुत्रा येतो. डॉक्टर कुत्र्याला हाकलू पाहतात, तेव्हा तरुण पाण्यात उतरतो, आणि कुत्राही त्याच्यामागे. मल्याळममधील तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या पुरावरील प्रसिद्ध कथेत याच्या उलट घडते : कुटुंब नावेतून निघून जाते, कुत्रा छपरावर राहतो, धन्याच्या वस्तूंचे चोरांपासून रक्षण करतो व मरतो. धनी परततो तेव्हा कुजलेल्या प्रेतावरून तो आपलाच कुत्रा की नाही, हेही त्याला खात्रीने सांगता येत नाही.

या दोन कुत्र्यांची तुलना साहाय्याच्या परिभाषेवर प्रकाश टाकते. नावेत किती माणसे बसतील हे मोजणे आवश्यकच असते, आणि डॉक्टरांची भीतीही समजण्यासारखी आहे. पण साहाय्याचे एकक व्यक्ती ठरले की माणसाचे संबंध मोजणीबाहेर जातात. तकळींच्या कथेचा शेवट तर न होऊ शकलेला पंचनामाच आहे. हानी खरी आहे, ओळख पटत नाही. बनारसमध्ये शिकलेले, बलियाचे कवी केदारनाथ सिंह यांच्या 'पानी में घिरे हुए लोग' या कवितेत पाण्याने वेढलेले लोक आपले सामानसुमान व जनावरे यांसह पुराला तोंड देतात आणि पाण्याकडे पाहत राहतात. तेथे घर, गुरे, विस्तव व माणसे हा एकच संसार आहे. निकषांत त्याचीच निरनिराळी शीर्षके होतात.

५. अनुग्रहाकडून कर्तव्याकडे

या परिभाषेत अलीकडे झालेला महत्त्वाचा बदल न्यायालयीन वाचनातून आला. २००५ च्या कायद्याच्या बाराव्या कलमाने राष्ट्रीय प्राधिकरणाकडे साहाय्याच्या किमान मानकांची शिफारस सोपवली. त्यात निवारा, अन्न, पाणी, वैद्यकीय सोय यांबरोबर जीवितहानीबद्दल सानुग्रह साहाय्य, घरांची हानी आणि उपजीविकेची साधने पूर्ववत करणे यांचाही उल्लेख आहे. कोविडमधील मृत्यूंसंबंधीच्या प्रकरणात ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमातील 'शॅल' हे क्रियापद बंधनकारक ठरवले. रक्कम किती असावी, हे मात्र प्राधिकरणावर सोडले. मराठी व हिंदी कायदेभाषेत या क्रियापदासाठी 'करील' व 'करेगा' अशी रूपे येतात. भविष्यकाळाचे हे रूप आश्वासनही असू शकते व आज्ञाही. न्यायालयाने त्यातील आज्ञेचा अर्थ निश्चित केला. परिणामी 'अनिवार्य अनुग्रह' असा वदतोव्याघात आपल्या कायद्यात स्थिर झाला आहे : शब्द कृपेचा राहिला, आशय कर्तव्याचा झाला.

काशीतील विणकर व नावाडी यांच्या दृष्टीने याच कलमातील 'उपजीविकेची साधने' हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. तो निकषांतील हातमाग, नाव, जाळे या गणतीपेक्षा व्यापक आहे. पॉवरलूम हे उपजीविकेचे साधन आहे. भाड्याच्या खोलीतील शिवणयंत्र आहे. कुळाने वा बटाईदाराने केलेली, खतौनीत त्याचे नाव नसलेली शेतीही आहे. निकष हे कायद्याच्या या शब्दाचे आजवरचे एक वाचन आहे, अखेरचे नव्हे.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, तगाई, राहत, अहेतुक सहायता व सानुग्रह अनुदान हे शब्द परस्परांचे पर्याय नसून शासन व पीडित यांच्यातील भिन्न संबंधांचे निदर्शक आहेत. दुसरी, पूरसाहाय्यातील अनेक उणिवा रकमेइतक्याच व्याख्येच्याही आहेत. उभ्या घरातील बुडालेला माग किंवा शाबूत नावेचे बुडालेले दिवस यांना लागू पडेल असा शब्द निकषांत सहज सापडत नाही. तिसरी, ज्यांना तो शब्द सापडला आहे असे लेखन रेणू, तकळी, केदारनाथ सिंह व कुसुमाग्रज यांच्याकडे उपलब्ध आहे. पण ते अभ्यासक्रमात राहिले आणि निकष ठरवणाऱ्यांच्या समोर आले नाही.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना येथे प्रत्यक्ष काम आहे. पूरसाहाय्याच्या शासकीय मजकुरांचा बहुभाषिक कोश, निरनिराळ्या राज्यांतील व्याख्यांची तुलना, आणि पीडितांनी स्वतः दिलेल्या अर्जांच्या भाषेचा अभ्यास हे विषय मराठी व हिंदी दोन्ही विभागांच्या आवाक्यातील आहेत. विशेषतः अर्जांचा. कारण सरैयातील विणकर आपल्या मागाचे नुकसान कोणत्या शब्दांत लिहितो आणि त्याचा अर्ज कोणत्या शब्दावर अडतो, हे समजल्यावाचून निकषांत कोणता शब्द घालावा, हे कोणालाच सांगता येणार नाही.